व्याह्यांची उकळलेली गाडी

“व्याह्यांचं खटारं जिंतूरच्या पुढं उकळलं, अन् पोरगी शेवटी एसटीनं परभणीला पोचली,” असे माझे धाकटे बंधू चारठाण्यात भेटेल त्याला सांगत असतात. ही कथा साफ खोटी आहे. बंधू त्या गाडीत नव्हते, मी होतो. आणि आमच्या व्याह्यांइतक्या मायेने गाडीचे दुखणे शोधणारा मनुष्य अवघ्या परभणी जिल्ह्यात दुसरा नाही, हे मी कोणासमोरही सांगायला तयार आहे.

व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे, जिंतूरचे निवृत्त मुख्याध्यापक. आमच्याकडे आले की चहाआधी ते गाडीखाली जुने वर्तमानपत्र अंथरतात आणि जेवण झाले की ते काढून उजेडात धरतात. काळा डाग तेलाचा, बिनरंगी थेंब एसीचा. हिरवा दिसला की इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटची गळती, आणि मग व्याही धुतल्या सदऱ्यानिशी आडवे होऊन एकेक नळी बोटांनी चाचपतात. कूलंटला गोडसर वास असतो, म्हणून लग्नाला गेले तरी परक्यांच्या गाड्यांपाशी थबकून नाक ओढतात. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, हा त्यांचा नियम माणसांनाही लागू आहे. मुलीच्या लग्नाच्या बैठकीत मानपानावरून माझा आवाज चढला, तेव्हा ते आपल्या मंडळींना हळूच म्हणाले, “व्याही लय तापलेत. आत्ता झाकण उघडू नका.”

त्या दिवशी आम्हा दोघांच्या नातीला परभणीच्या महाविद्यालयात दुपारच्या आत हजर व्हायचे होते. प्रवेशाची शेवटची फेरी लांबत लांबत कडाक्याच्या थंडीत आली होती. उशीर झाला असता तर तिची जागा दुसऱ्याला गेली असती. आमच्या घरून निघताना नातीच्या हातावर दहीसाखर पडली. गाडीचाही मान राहावा म्हणून बंधूंनी गोदावरीचे तीर्थ रेडिएटरमध्ये ओतले आणि झाकण अर्धवट फिरवून सोडले. जिंतूर मागे पडले आणि बॉनेटमधून वाफ निघाली.

“आबा, एसटी यायलीय. जाऊ का मी?” नातीने व्याह्यांना विचारले.

“जायचं तर जा, बाळा. थांबलीस तर मी पोचवतो.”

तिने एसटीकडे पाहिले, व्याह्यांकडे पाहिले, आणि ती गाडीत जाऊन बसली. एसटी निघून गेली.

इंजिन निवल्यावर व्याह्यांनी झाकणाला बोट लावले, तर ते जागच्या जागी डुगडुगले. नळ्या बाहेरून कोरड्या होत्या, म्हणजे गळती नव्हती. आमचे पिण्याचे पाणी आत गेले, झाकण घट्ट बसले. तरीही पाणी कमीच होते. तेव्हा इंजिनाची उष्णता ओढून घेण्यासाठी त्यांनी हीटर पूर्ण सोडला. मी काच खाली घेतली.

“काच लावा, व्याही. आत कुठं गळत असंल तर वास येईल. मी वास घ्यायलोय.”

व्याह्यांचा शब्द कसा मोडणार? परभणीपर्यंत मी कानटोपीसकट शिजलो.

घरी परतल्यावर ते बंधूंदेखत म्हणाले, “झाकण माझ्याच हातनं ढिलं राहिलं.” मी तोंड उघडणार, तोच त्यांनी माझा हात दाबला. बंधूंनी त्या एका वाक्यावर अख्खी एसटी उभी केली.

हल्ली व्याह्यांना दूरचे नीट दिसत नाही. सुटीत नात गाडी चालवते. ते शेजारी बसून डोळे मिटून वास घेतात, आणि थांबल्यावर वर्तमानपत्र तीच उजेडात धरते. व्याही गप्प राहतील, मी राहणार नाही. तिच्या ओळखपत्रावरचा फोटो त्याच दिवशी प्रवेशाच्या टेबलापाशी काढलेला आहे. मागे मफलर गुंडाळलेला शिपाई कुडकुडतो आहे आणि पुढे आमची नात घामाने निथळत हसते आहे. एसटीत हीटर नसतो.