एशिमसाठी निवडलेली रायफल

दोरोनबेकला अख्ख्या खोऱ्यात कुणी वाईट म्हणत नसे. हा बाबा मात्र रोज सकाळी एका माणसाला शिव्या घातल्याशिवाय चहाला तोंड लावत नसे. बायको गेल्यापासून तीन वर्षं हाच नेम. निळ्या काठाचा वाडगा काढायचा (जोडीतला दुसरा तिच्या मयताच्या गर्दीत कुणी उचलला, खुदा जाणे), त्यात चहा ओतायचा आणि म्हणायचं, "एशिम, तुझं तळपट होवो!"

उगीच नाही. कानिम, त्याची बायको, अंथरुणाला खिळली होती. अन्नावरची वासना उडालेली. एक दिवस आपणहून म्हणाली, "रानबोकडाचा रस्सा मिळाला तर दोन घोट घेईन." दोरोनबेक तीन दिवस बर्फात हिंडला, बोकड मारला, पाठीवर घेऊन आला, तर गावाच्या वेशीवर एशिम आडवा. म्हणाला, "शिराल्गा!"

शिकार घेऊन परतणाऱ्याला वाटेत कुणी हा शब्द ऐकवला की मागेल तो वाटा द्यायचा. नाही म्हणालात तर डोंगर पुन्हा काही देत नाही. शहाणी माणसं फार तर एखादा फरा मागतात. या हरामखोराने अख्खा बोकड मागितला, शिंगांसकट! कधीकाळी घोड्यांच्या शर्यतीत दोरोनबेक त्याला चारचौघांत हसला होता, त्याचा हा वचपा.

"बायको मरणाला टेकलीय रे," दोरोनबेक म्हणाला.

"मग जा की, दुसरा मार. तू तर मोठा नेमबाज!"

दोरोनबेकने बोकड खाली टाकला आणि घरी न जाता आल्या पावली डोंगरात परत गेला. दुसऱ्या दिवशी रित्या हातांनी आला, तेव्हा अंगणात माणसं जमली होती. कानिम उपाशी गेली, हा काटा त्याच्या काळजात तेव्हापासून रुतलेला.

आणि या शरद ऋतूत तोच एशिम त्याच्या दारात! "दादा, बोकडाचा परवाना मिळालाय. रायफल घ्यायचीय. तुमच्याइतकं कळतंय कुणाला?"

"आज दादा झालो वाटतं," दोरोनबेक म्हणाला. पण टोपी घालून निघाला. आम्हा शेजाऱ्यांची खात्रीच, की आता हा एशिमच्या गळ्यात एखादं लोढणं बांधणार.

तालुक्याच्या दुकानात एशिमने सगळ्यात जाड काडतुसाची, खांब असावा तशी रायफल उचलली. "हिने तर अस्वलही आडवं होईल!"

"अस्वलाला चाललायस का? चार हजार मीटर उंचीवर ही पाठीवर घेतलीस तर बोकडाआधी तूच आडवा होशील. आणि हिचा एक धक्का खाल्लास की पुढच्या वेळी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटशील. ठेव ती." दोरोनबेकने साडेसहा मिलिमीटरची एक सडपातळ रायफल काढली. "ही घे. धक्का कमी. गोळी लांबट, वाऱ्यात फारशी भरकटत नाही. अडीचशे पावलांवर बोकडाला पुरून उरते."

एवढ्यावर थांबला नाही. काडतुसं तीन प्रकारची झाडून पाहिली, जी एका जागी बसतात ती ठेवली. दुर्बिणीचा नेम स्वतः दोनशे मीटरवर लावला. एशिमला आठवडाभर ओढ्याकाठी पालथं झोपवून सराव करून घेतला. "कड्यावरून खाली मारताना नेम जरा खाली धर, नाहीतर गोळी पाठीवरून जाते. दम लागला असेल तर थांब. घाई करशील तर याद राख!"

"तू वेडा झालास का रे?" मी विचारलं. "शत्रूला शिकवतोस?"

"त्याला बोकड मिळायलाच हवा," तो म्हणाला. "रित्या हाताच्या माणसाकडे काय मागू?"

एशिम डोंगरात गेला त्या दिवसापासून दोरोनबेक वेशीवरच्या दगडावर ठाण मांडून बसला. चौथ्या दिवशी दुपारी एशिम दिसला. पाठीवर मोठा शिंगाळ बोकड, एकाच गोळीत पाडलेला. दोरोनबेक उठला.

"शिराल्गा. अख्खा. शिंगांसकट."

एशिम हात जोडू लागला. "दादा, माझ्या बायकोने, बातमाने, आठ दिवस काही खाल्लं नाही. रस्सा मागितलाय तिने. दादा, एक फरा तरी..."

"मग जा की. दुसरा मार."

हे वाक्य त्याने तीन वर्षं घोटून ठेवलं होतं. एशिमने बोकड उतरवला आणि मान खाली घालून गेला. दोरोनबेकने बोकड घरी आणून आढ्याला टांगला. त्या संध्याकाळी तो मला म्हणाला, "आज कानिमचं देणं फिटलं." पण जेवला नाही.

दिवेलागणीला दार वाजलं. एशिमच. हातात वाडगा, निळ्या काठाचा, रिकामा. आमच्यात कुणाचं भांडं कुणी रिकामं परत करत नाही.

"बातमाने पाठवलाय. तुमचाच आहे म्हणाली." एशिमने वाडगा पुढे केला. "त्या दिवशी तुमचा बोकड माझ्या घरी शिजला, तेव्हा ती माझ्या चोरून तुमच्याकडे रस्सा घेऊन आली होती. तुम्ही डोंगरात होता. वहिनी वाडगाभर प्यायल्या. वाडगा घासून आणते म्हणून ती घेऊन गेली, आणि मग तुम्हाला तोंड दाखवायची तिला हिंमत झाली नाही. मला आज सांगितलं हो."

दोरोनबेकने वाडगा हातात घेतला. काठावरच्या टवक्यावर अंगठा फिरवला. "प्यायली?" त्याने विचारलं. "वाडगाभर?"

"म्हणाल्या, मीठ बरोबर पडलंय."

मग त्याने आढ्याचा बोकड सोडवला, खांद्यावर टाकला. एशिम हात लावायला पुढे झाला तर त्याच्यावर वसकन ओरडला, "हो मागे! तुला देत नाहीये. बातमाला देतोय. ती पिऊन होईपर्यंत तू दाराबाहेर थांबायचं." आणि तो वाडगा कोटात खुपसून पुढे चालू लागला.