बटणावरची चिकटपट्टी

उदगीरला आमच्या शेजारी राहणारे गृहस्थ दुसऱ्याच्या घरातही रिकाम्या खोलीतला पंखा बंद करतात. "मीटर शंकरपटातल्या बैलावानी पळून राहिलंय, भाऊ," म्हणत बटणाकडे हात नेतात. त्यांच्या बायकोला फुप्फुसाच्या आजारामुळे दिवसरात्र ऑक्सिजनचं मशीन लागतं आणि बिल त्यानेच फुगतं. म्हणून घरात फ्रीज बंद असतो. भर उन्हाळ्यातही कूलर न लावता ते ओला पंचा खांद्यावर टाकून पायरीवर बसतात.

परवा दुपारी त्यांनी मला घाबऱ्या आवाजात हाक मारली. ते दळण घेऊन परतले, तर मशीन बंद होतं आणि बायकोचे ओठ निळे पडले होते. मी पोचेपर्यंत त्यांनी मशीन सुरू केलं होतं. श्वास परतल्यावर ती म्हणाली, "तुम्ही बाहेर गेले की मी रोजच बंद करते. तेवढंच बिल कमी. तुमचंच बघून शिकले की."

त्यांनी मशीनच्या बटणावर चिकटपट्टी लावली.

आज सकाळी पट्टीचा एक कोपरा नखाने उचकटलेला दिसला. त्यांनी तो अंगठ्याने दाबून बसवला. बायको भिंतीकडे तोंड करून पडून होती. दळणाचा डबा घेऊन ते दारापर्यंत गेले आणि परत येऊन खाटेजवळ बसले.