ओल्या लाकडाची चाकं

ताडकळसला आम्ही दोघं भाऊ बैलगाडीची चाकं करायचो. निजामाचा अंमल होता. चुडाव्याच्या ठेसनावर बाहेरगावची स्वस्त चाकं उतरायला लागली, तसं आमचं गिऱ्हाईक तुटलं. थोरला भाऊ म्हणाला, बाभूळ दोन-दोन वर्षं वाळवत बसणं आता परवडत नाही. त्यानं ओलं लाकूड आणलं आणि ओल दिसू नये म्हणून वर तांबडी काव फासली. चाकाचे आरे मीच ठोकले. ओलं लाकूड पुढं आकसतं हे मला कळत होतं, तरी ठोकले.

उन्हाळ्यात लाकूड आकसलं. बाजाराच्या दिवशी ओढ्याच्या उतारावर ज्वारीनं भरलेल्या एका गाडीचं चाक निखळलं. गाडी कलंडली आणि शेतकऱ्याचा पाय खाली चिरडला. तासाभरात त्याचा धाकटा भाऊ चार माणसं घेऊन आमच्या छपरात शिरला. हातातला मोडका आरा त्यानं माझ्या भावाच्या मनगटावर हाणला. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. मी मधे पडलो, तर दुसरा घाव माझ्या तोंडावर बसला. दोन दात गेले. त्यांनी चाकाची लोखंडी पट्टी तापवायचा भाता फाडला, छप्पर ओढून पाडलं.

ते गेल्यावर भाऊ म्हणायला लागला, पोलीस ठाण्यात अमीनसाहेबाकडं जाऊ, एकेकाला आत घालू.

मी म्हणालो, "दादा, त्याचा पाय आपण मोडलाय."

दुसऱ्या दिवशी मी त्या शेतकऱ्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं मला अंगणातच जोड्यानं मारलं. मी हात वर केला नाही. मग गावोगाव फिरून विकलेली चाकं परत आणली आणि भरबाजारात कुऱ्हाडीनं फोडली. बदली चाकांसाठी वाळलेलं लाकूड नव्हतं, म्हणून घराचं माळवद उतरवून सागाच्या तुळया कापायला घेतल्या. भावानं डाव्या हातानं लाकूड तासायचा वाकस फेकून मारला. माझा खांदा फाटला. त्याच आठवड्यात तो घर सोडून गेला. पुन्हा आला नाही.

वर्षभरानं तो शेतकरी कुबडी टेकत आला. चाकांची नवी जोडी हवी म्हणाला. मला खरं वाटेना.

"तुझ्यावर भरवसा न्हाई," तो म्हणाला. "आरा बसवायच्या आधी मला दाखव."

मी एकेक आरा त्याच्या हातात दिला. तो दगडावर आपटून कान लावायचा, मग होकाराची मान हलवायचा. दोन आरे त्यानं फेकून दिले. त्यांचा आवाज बद्द येत होता, ते बरोबरच फेकले होते. दिवस मावळेपर्यंत आम्ही तसे बसलो होतो. पुढं प्रत्येक गिऱ्हाइकाला मी तसंच आरे तपासायला बसवून घ्यायला लागलो. ठेसनावर चाकं उतरत राहिली, तरी माणसं माझ्याकडं यायची.