मातीचं माळवद

लातूरला क्लासेसच्या रस्त्यावर चाचांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. पोरांच्या हातात मोबाईल आले तशी घड्याळं कमी झाली. मग चाचा डोळ्याला तेच भिंग लावून क्लेची इवलीशी फळं करायला लागले. संत्र्याची साल उमटवायला जुना टूथब्रश, सीताफळाचे डोळे पाडायला सुई. केळ्याला दोन तपकिरी ठिपके दिल्याशिवाय ते भट्टीत घालत नाहीत. "बिनडागाचं फळ झूटं वाटतं," म्हणतात. बोलणं एवढंच. भूकंपात घराचं मातीचं जड माळवद कोसळलं तेव्हा घरचे सगळे आत होते, ते एकटेच अंगणात झोपले होते, हे मला शेजाऱ्यांनी कधीच सांगितलं होतं. तरी माझ्या ध्यानात राहिलं नाही.

मुलीसाठी मी प्लायवूडचं बाहुलीघर केलं, गावाकडच्यासारखं, पुढे अंगण, वर खऱ्या मातीचं माळवद. मोठ्या फुशारकीनं ते त्यांच्या काउंटरवर ठेवलं आणि फळांची टोपली मागितली. चाचांनी चिमट्यानं एकेक फळ टोपलीत रचलं. टोपली आत ठेवायला वाकले आणि थांबले. माळवदावर बोट टेकवून म्हणाले, "माती खरी हाय?"

"हाव, चांगली दोन बोटं जाड," मी म्हणालो.

त्यांनी भिंग काढलं. मुलीनं आत निजवलेल्या दोन्ही बाहुल्या हातानं अलगद उचलल्या, अंगणात शेजारी शेजारी निजवल्या आणि टोपली त्यांच्या उशाशी ठेवली.

"हितंच निजू द्या," ते म्हणाले. "घरात नको."