डोकं खाली, पाय वर: नांदेड-लातुरातला गुरुशोध

नांदेड स्टेशनातून बाहेर पडल्यावर पहिलं दर्शन घडलं ते एका उलट्या मुलीचं. चौकातल्या भल्यामोठ्या फलकावर मेडिकलच्या टॉपरांची रांग होती आणि शेवटच्या चौकटीत निळ्या सूटातली ती मुलगी: डोकं खाली, पाय आभाळात, चेहरा हेल्मेटात. खाली लिहिलं होतं, ‘आकाशातही आमचाच पॅटर्न!’

मी टाळी वाजवली. पुण्याहून आले होते ती मेडिकलबरोबर आकाशउड्याही शिकवणाऱ्या याच फलकवाल्या सरांना भेटायला. विमानातून पोटावर पडत उडी मारणं मी पन्नाशीत शिकले. आता मला फ्रीफ्लाय शिकायचं होतं, म्हणजे पॅराशूट उघडण्याआधी हवेत बसायचं, उभं राहायचं आणि शेवटी उलटं व्हायचं. उड्या हिवाळ्यात, परराज्यातल्या धावपट्टीवर. कोच मात्र आत्ताच ठरवायचा होता. या हिवाळ्यात उलटी होणारच, असं मी सोसायटीभर जाहीर करून बसले होते.

सरांचा क्लास तिसऱ्या मजल्यावर. मी उत्साहात माझ्या उड्यांचा व्हिडिओ पुढे केला.

“बघायचं काय त्याच्यात? आपला पॅटर्न ठरेल (ठरलेला) हाय, मॅडम. चार उड्या, डोकं खाली. गॅरंटी!”

“सोबत कोण असेल?”

“आख्खी बॅच! नवे, जुने, समदे एका दमात सोडतो.”

माझं डोकं तिथेच तापलं. उलटा पडणारा माणूस पोटावर पडणाऱ्यापेक्षा कितीतरी वेगाने खाली जातो. त्याचा तोल गेला, अंग पसरलं, की तो एकदम मंदावतो आणि वरचा त्याच्यावर येऊन आदळतो. मी ते विचारलं.

“लई इचार करता तुम्ही,” सर हसले. “फिकीर सोडा. फोटो कसला येतो ते बघा!”

मी प्लास्टिकच्या स्टुलावरून अशी ताडकन उठले की स्टूल आडवं झालं आणि सरांचा चहा त्यांच्याच पॅटर्नच्या छापील तक्त्यावर सांडला. दुःख झाल्याचं नाटक मला जमलं नाही.

लातूरच्या रस्त्यावर आमचे यजमान श्रीधर भाड्याची गाडी चालवत सरांची बाजू घेत होते. जन्म लातूरचा, त्यांच्या गावी क्लास निवडायचा तो फलक वाचून.

“अगं, पण निकाल बघ ना! ती मुलगी बघ!”

“निकाल मी बघितला. शिकवणं कुठे दिसलं?”

अहमदपूरला धपाटे आणि दही खाल्लं, भांडण तेवढं थांबलं. लातुरात शिरताच एकच टॉपर तीन वेगवेगळ्या क्लासांच्या फलकांवर हसताना दिसला. “तिघांनी मिळून शिकवला वाटतं,” मी म्हटलं. श्रीधरना एकाएकी वाहतूक फार दिसू लागली.

दुसऱ्या कोच वैशालीताई. दारावर पाटीसुद्धा नाही. त्यांनी आधी सुशीला (चुरमुऱ्यांचा, पोह्यांसारखा फोडणीचा पदार्थ) समोर ठेवली, मग व्हिडिओ मागितला. तो चालू असताना श्रीधर नांदेडच्या फलकाचं कौतुक करत राहिले.

ताईंनी व्हिडिओ थांबवला. “निळा सूट? पिवळे बूट? मीच हाय ती.”

श्रीधरचा घास हातातच राहिला.

“त्यांच्या बॅचमधी होते मी. फोटो निघाला अन् माझ्या खालच्या पोराचा तोल सुटला, अंग पसरलं. वर कुणी हाय हे त्याला ठाऊकच नव्हतं. मी जाऊन आदळले त्याच्यावर.” त्यांनी खांद्यावरच्या जखमेची लांब शिवण दाखवली. “त्याचा पाय गेला. फोटो मात्र झकास आला.”

माझ्या अंगाची लाही झाली. ज्या अपघाताने पोराचा पाय नेला, तो चौकात निकाल म्हणून टांगलाय! मी तिथल्या तिथे सरांच्या सात पिढ्यांचा असा उद्धार केला की शेजारीण डोकावून गेली.

ताई शांतपणे पुन्हा व्हिडिओकडे वळल्या. “इथं तुमच्या वर कोण होतं?”

“आठवत नाही.”

“का?”

“कॅमेऱ्याकडे बघत होते.”

“भूकंपात आमचं घर बसलं तवा मी लहान होते. तवापासून कुठंबी शिरले की आधी वर बघते. तुम्हाला ती सवय न्हाई. औंदा (यंदा) हवेत फक्त बसायचं. मी समोर असेन, तिसरं कुणी न्हाई. उलटं पुढच्या साली, ते बी मला पटलं तर.”

“ताई, मी चोपन्न वर्षांची आहे! माझ्याकडे पुढची सालं किती?”

“म्हणूनच म्हणते.”

आता राग ताईंवर आला, आणि तो सगळ्यात कडू होता, कारण त्यांचं खरं होतं. मी चपला घालून फाटकापर्यंत गेले, श्रीधर पाठोपाठ. फाटकातून परत आले.

“कधीपासून?”

“आधी शांत व्हा. रागात माणूस वर बघत न्हाई.”

शांत मी पुण्यापर्यंत झाले नाही. सोसायटीच्या दारात शेजाऱ्यांनी हसत विचारलं, “काय, होणार ना उलट्या?”

“नाही,” मी म्हटलं. “या वर्षी बसणार आहे.”

हे एवढंसं वाक्य बोलताना जेवढी भीती वाटली, तेवढी विमानाच्या दारातही कधी वाटली नव्हती.