बर्फाचे तीन काळ

पिंजारी गादीचा कापूस पिंजू लागला, की उन्हात तरंगणाऱ्या तंतूंत मला अमरावतीची शाळा दिसते.

कापसाला सोन्याचा भाव आलेला. मास्तर इंग्रजी पुस्तकातलं ‘बर्फ पडतो’ हे वाक्य तिन्ही काळांत घोकून घेत होते. रस्त्यावरच्या गाड्यांतला कापूस खिडकीतून आत येत होता. तेवढ्यात आमच्या गावाहून, वलगावहून, बा आला.

“कापूस येचणीले माणसं नाहीत, मास्तर. पोराले नेतो.”

मास्तरांनी मला ते वाक्य म्हणायला लावलं. मी तिन्ही काळ म्हटले. बानं अर्थ विचारला. मी उडत्या कापसाकडे बोट दाखवलं. “विलायतेत आभायातून बर्फ असा पडते म्हणे.”

बा बराच वेळ वर पाहत राहिला.

“कापूस मी येचतो,” तो म्हणाला. “तू बर्फ पाह्य.”

बर्फ मी अजून पाहिला नाही. तंतू उडाले, की उन्हातून एकटंच परत जाणारं बाचं पांढरं पागोटं तेवढं दिसतं.