आठची मोटार

मी दर रविवारी पहाटे नाशिकहून नांदूरमध्यमेश्वरला पाणपक्षी बघायला जातो आणि दर रविवारी तो एक माणूस माझ्या डोक्यात जातो. आठला लाईट आली, की हा काठावरची पाण्याची मोटार चालू करायला खडखडत्या फटफटीवरून हजर! तोंडात तंबाखू, खिशातल्या मोबाईलवर ठणाणा गाणी.

त्या रविवारी, तीन हिवाळे वाट बघून, मला अखेर उचाट्या दिसला. वर वळलेल्या चोचीने तो उथळ पाणी ढवळत होता. मी कॅमेरा लावतोय तोच फटफटी आली. मी ताडकन उठलो, दोन्ही हात हलवत ओरडलो, "अहो, बंद करा ती!"

उचाट्या उडाला.

"उडवलात ना त्याला!"

त्याने शांतपणे पिचकारी टाकली. "सायेब, मी रोज येतो. एक बी पक्षी उडत नाय. तुम्ही उठले म्हून उडला."

पुढच्या रविवारी मी दातओठ खात बसूनच राहिलो. फटफटी आली, गाणी आली, मोटार सुरू झाली. एकाही पक्ष्याने मान वर केली नाही. त्याने मात्र लांबूनच मला हाताने खूण केली: बसा, बसा, उठू नका.